मैदान आपले, मांडव त्यांचा

गेल्या महिन्यात आमच्या अष्टमीत कबड्डी स्पर्धेची बैठक होती. बैठक म्हणजे काय, देवळाच्या पायरीवर बसलेले दहा-बारा जण, हिशेबाची एक जुनी वही आणि मधूनच येणारा चहा. मी पूर्वी संघातून खेळलो आणि पुढे तीस वर्षे शाळेत शिकवले. या दोन कारणांनी मला अजून अशा बैठकांना बोलावतात. सल्ला मानतातच असे नाही, पण बोलावतात.

या वेळी एका तरुणाने प्रस्ताव आणला. एक जमीनविक्रेता एक लाख रुपये द्यायला तयार आहे. अटी तीनच. स्पर्धेला त्याचे नाव द्यायचे, पुढच्या दोन रांगा त्याच्या पाहुण्यांसाठी ठेवायच्या आणि मोठ्या पडद्यावर जाहिरातींना वेळ मिळावा म्हणून मुलींचे सामने गाळायचे. मी म्हटले, "हे बरे नाही. गावाची स्पर्धा गावाच्याच नावाने व्हावी." पोरगा अदबीने, पण ठामपणे म्हणाला, "सर, वर्ल्ड कप कंपन्यांच्या पैशावर चालतो, तेव्हा तुम्ही रात्र रात्र जागून बघता. मग आमच्याच स्पर्धेला सोवळे कशाला?"

पायरीवर हशा पिकला. मीही हसलो. निर्णय पुढच्या रविवारवर ढकलून बैठक मोडली. मग मी सवयीप्रमाणे कुंडलिकेच्या पुलावर फेरी मारायला गेलो. मात्र पुलावर उभा राहिल्यावर लक्षात आले की पोराच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. हा लेख म्हणजे त्या उत्तराचा शोध आहे.

प्रथम आमच्या पिढीचा भाबडेपणा कबूल केला पाहिजे. १९८३ साली कपिलदेवच्या संघाने जिंकला तो 'प्रुडेन्शियल कप'. प्रुडेन्शियल हे त्या चषकाचेच काहीतरी भारदस्त विशेषण असावे, अशी माझी कित्येक दिवस समजूत होती. ती एक विमा कंपनी आहे, हे फार पुढे कळले. १९७५, १९७९ आणि १९८३ या पहिल्या तिन्ही विश्वचषकांना तिचेच नाव होते. १९८७ साली 'रिलायन्स कप' आला, १९९२ साली एका परदेशी सिगारेटच्या नावाचा आणि १९९६ साली 'विल्स' या देशी सिगारेटच्या नावाचा चषक झाला. म्हणजे खेळात पैसा काल-परवा शिरला, पूर्वी सारे निर्मळ होते, ही आम्हा म्हाताऱ्यांची आवडती कहाणी खरी नाही. आम्ही स्वतःच ती नावे हौसेने घेत होतो.

५ नोव्हेंबर १९८७ चा दिवस आठवतो. वानखेडेवर इंग्लंडविरुद्ध उपांत्य सामना होता. आमच्या आळीत टीव्ही एकच. घरमालकीणबाईंनी पुढचे दार, मागचे दार, सगळे उघडे टाकलेले. एक जण कौलांवर अँटेना धरून उभा आणि खालून आरडाओरडा, "अजून डावीकडे, अजून!" गूचने मणिंदरला स्वीप मारमारून ११५ धावा केल्या, गावसकर चार धावांवर त्रिफळाचीत झाला आणि भारत ३५ धावांनी हरला. त्या संध्याकाळी आमच्या आळीत चूल उशिरा पेटली. कंपनीचे नाव चषकावर होते, पण दुःख निखळ आमचे होते. त्या दुःखावर कोणी काही कमावत असेल, असे आमच्या मनातही आले नाही.

मग बदलले काय? माझ्या मते पैसा आला, हा बदल नव्हे. पूर्वी खेळ आधी ठरायचा आणि पैसेवाला त्याला टेकू द्यायला यायचा. पुढे पैशाचे गणित आधी होऊ लागले आणि खेळ त्या मापाने बेतला जाऊ लागला. शिंपी अंगाचे माप घेतो, तोवर ठीक आहे. कापडाच्या मापाने अंग कापायला लागला की घाबरावे.

हे कसे घडले, त्याचा इतिहास उघड आहे. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकने त्या शहरावर एवढे कर्ज केले, की ते फिटायला २००६ साल उजाडले. त्या धसक्याने १९८४ चे ऑलिंपिक घ्यायला लॉस एंजेलिसखेरीज अखेरपर्यंत कोणी उभे राहिले नाही. तिथल्या आयोजकांनी सरकारी तिजोरीऐवजी कंपन्या आणि दूरचित्रवाणीचे हक्क यांवर भिस्त ठेवली आणि वीस कोटी डॉलरहून अधिक शिल्लक टाकून दाखवली. आतबट्ट्याचा व्यवहार एकाएकी नफ्याचा झाला. १९८५ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने मोजक्या बहुराष्ट्रीय कंपन्यांना जगभराचे हक्क विकण्याची योजनाच आखली. पुढे १९९६ साली आधुनिक ऑलिंपिकची शताब्दी आली. पहिले ऑलिंपिक १८९६ साली अथेन्सला झाले होते आणि शताब्दीचा मानही अथेन्सने मागितला होता. मिळाला अटलांटाला. कोका-कोलाचे मुख्यालय त्याच शहरात, तेव्हा जगभर जी कुजबुज व्हायची ती झालीच. माहेरवाशिणीला उंबऱ्याबाहेर ठेवून सावकाराच्या वाड्यात मंगलकार्य उरकावे, तसे ते अनेकांना वाटले.

पण याच अटलांटात लिअँडर पेसने टेनिसचे ब्राँझपदक जिंकले. वैयक्तिक खेळात त्याआधीचे भारताचे पदक शोधायचे तर ४४ वर्षे मागे जावे लागत होते, कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांपर्यंत. १९५२ साली हेलसिंकीला जायला खाशाबांकडे पैसे नव्हते. गावाने वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबा ब्राँझ घेऊन परतले, तेव्हा शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली.

ही गोष्ट मी वर्गात अनेकदा सांगितली आहे आणि सांगताना दर वेळी माझा आवाज जड झाला आहे. पण आज तिची दुसरी बाजूही दिसते. मास्तराला घर गहाण टाकावे लागते, हा त्या मास्तराचा मोठेपणा असला तरी व्यवस्थेची ती लाजच आहे. खाशाबा १९८४ साली अपघातात गेले आणि अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो २००० साली, मरणोत्तर. महाराष्ट्राला दुसरे वैयक्तिक ऑलिंपिक पदक पाहायला थेट २०२४ चे पॅरिस गाठावे लागले. ते आणले कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या, रेल्वेत नोकरी करणाऱ्या स्वप्नील कुसाळेने. मध्ये ७२ वर्षे गेली. तेव्हा गरिबीत खेळ पवित्र राहतो, ही शहाण्यांची समजूत खेळाडूंच्या जिवावर बेतणारी आहे. पैसा हवाच. प्रश्न एवढाच, की तो कोणाच्या हाती जातो आणि मोबदल्यात काय मागतो.

माझा पहिला भ्रमनिरास १९९६ च्या विश्वचषकातला. उदारीकरणाचे ते दिवस. प्रत्येक वस्तूला 'अधिकृत' असे विशेषण लागलेले. एक शीतपेय अधिकृत होते, तर दुसऱ्या कंपनीने आपण अधिकृत नाही याचीच जाहिरात केली आणि लोकांना तीच जास्त आवडली. कोलंबोत जानेवारीच्या अखेरीस बाँबस्फोट झाला म्हणून ऑस्ट्रेलिया आणि वेस्ट इंडिजने तिथे खेळायचे नाकारले. न खेळता श्रीलंकेला गुण मिळाले. तरी त्या दोघांचेही काही बिघडले नाही, कारण सहा-सहा संघांच्या दोन गटांतून चार-चार संघ पुढे जायचेच होते. तीस साखळी सामन्यांची योजना आणि त्यांतून घरी जाणार फक्त चार संघ! त्या वेळी मला हे गणित कळले नव्हते. आज कळते. सामने निकालासाठी कमी आणि विक्रीसाठी अधिक मांडले होते. मग १३ मार्चला ईडन गार्डनवर भारताचे ८ बाद १२० झाले, बाटल्या पडल्या, आगी लागल्या आणि सामना श्रीलंकेला बहाल झाला. विनोद कांबळी रडत परतला. महिनाभर जाहिरातींनी सांगितले होते की चषक आपलाच आहे. माल घरपोच झाला नाही, तेव्हा गिऱ्हाईक चिडले. प्रेक्षकाला गिऱ्हाईक केले की तो पराभव पचवायचे विसरतो, हे त्या रात्री दिसले.

त्याच्या आदल्याच वर्षी, फेब्रुवारी १९९५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेटच्या प्रक्षेपणावरून झालेल्या वादात मोठा निकाल दिला होता. हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यावर सरकारचीही मक्तेदारी नाही, असे न्यायालय म्हणाले. दूरदर्शनची मक्तेदारी मोडली, हे चांगलेच झाले. पण मालमत्ता सार्वजनिक ठरली आणि सामने मात्र पैसे भरणाऱ्यांचे झाले. अखेर राष्ट्रीय महत्त्वाचे सामने प्रसार भारतीलाही द्यावेत, असा कायदा २००७ साली करावा लागला. आमच्या आळीतल्या त्या बाईंनी जे १९८७ साली कोणी न सांगता केले, ते करून घ्यायला देशाला कायदा लागला.

तेच २००७ साल आणखी एका कारणाने लक्षात राहिले. वेस्ट इंडिजमधल्या विश्वचषकात भारत आणि पाकिस्तान पहिल्याच फेरीत गारद झाले. खेळाच्या दृष्टीने ही गंमत होती. बांगलादेशाने भारताला हरवावे, आयर्लंडने पाकिस्तानला हरवावे, याहून विश्वचषक तो कोणता? पण ज्यांनी जाहिरातींचे सेकंद आगाऊ घेतले होते, त्यांच्या तोंडचे पाणी पळाले. पुढे काय झाले ते पाहा. २००७ साली १६ संघ होते, २०११ आणि २०१५ ला १४, तर २०१९ आणि २०२३ ला फक्त दहा. प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचे, म्हणजे भारताचे नऊ सामने पक्के. २०२७ साठी पुन्हा १४ संघ ठरले आहेत, ही समाधानाची गोष्ट. पण बारा वर्षे 'विश्व' आकसलेलेच राहिले. शिवाय २०१३ पासून जवळजवळ प्रत्येक जागतिक स्पर्धेत भारत आणि पाकिस्तान एकाच गटात येतात. चिठ्ठ्या टाकून असे दर वेळी घडत नसते, हे गणपतीतल्या सोडतीत तिकीट घेणारा पोरगाही सांगेल.

फुटबॉलमध्ये गंगा उलटी वाहते. तिथे २०२६ च्या विश्वचषकासाठी संघ ३२ वरून ४८ केले आणि सामने ६४ वरून १०४. क्रिकेटने संघ कमी केले, फुटबॉलने वाढवले. दिशा उलट, पण हिशेब एकच. विकता येणारे सामने किती निघतात? या हिशेबाला चटावलेले लोक पुढे कुठे जातात, तेही जगाने पाहिले. सॉल्ट लेक सिटीला हिवाळी ऑलिंपिक मिळावे म्हणून सदस्यांना भेटी आणि पैसे दिल्याचे १९९८ च्या अखेरीस उघड झाले आणि दहा सदस्यांना समिती सोडावी लागली. मे २०१५ मध्ये झुरिकच्या हॉटेलातून फुटबॉलचे पदाधिकारी पोलिसांनी पहाटे उचलून नेले.

आता आमच्या खेळाकडे येतो. रायगड जिल्ह्यात कबड्डी ही पायातली माती आहे. शेतकापणी झाली की खाचरात फक्कीच्या रेषा पडायच्या. दिवसभर कामावर राबलेले गडी रात्री चढाईला उभे राहायचे. हा खेळ जगाला दाखवायचे स्वप्न जुने आहे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखवली, त्यांत कबड्डी होती. १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डीला पदकाचा मान मिळाला आणि तेव्हापासून सलग सात सुवर्णपदके भारताच्या पुरुषांची.

२०१४ साली प्रो कबड्डी लीग आली. खोटे कशाला बोलू, पहिल्या दिवशी माझ्या डोळ्यांत पाणी आले. एवढा उजेड, एवढा नाद, आणि मध्ये आमची मध्यरेषा! पहिल्या वर्षी सर्वांत महाग खेळाडू १२ लाख ८० हजारांना गेला. २०२३ च्या लिलावात तो आकडा २ कोटी ६० लाखांवर पोचला. कबड्डीपटूच्या घरात पैसा आला, पोलिसातल्या किंवा रेल्वेतल्या नोकरीशिवाय त्याला दुसरी वाट मिळाली. मॅट आली, गुडघे वाचले. हे उपकार नाकारणारा कृतघ्न ठरेल.

पण ताळेबंदाची दुसरी बाजूही वाचावी लागते. तीस सेकंदांत चढाई संपलीच पाहिजे. दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसरीत गुण घ्या नाहीतर बाद व्हा. खेळ वेगवान झाला, त्यात गैर काही नाही. पण दम राखून, प्रतिस्पर्ध्याला खेळवत, लोण टाळत सामना हळूहळू फिरवणारा जुना मुरब्बी गडी या घड्याळात बसत नाही. आणि मुली? २०१६ साली महिलांसाठी तीन संघांची लीग झाली, ती एकच हंगाम. पुढे तिचे नाव निघाले नाही. २०१८ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत इराणने आपल्या पुरुषांना उपांत्य फेरीत आणि महिलांना अंतिम फेरीत हरवले. इराणच्या मुलींना शिकवणाऱ्या शैलजा जैन आपल्या नाशिकच्या. नाशिकच्या बाईंची विद्या तेहरानला उपयोगी पडली. नोव्हेंबर २०२५ मध्ये ढाक्याला आपल्या मुलींनी कबड्डीचा विश्वचषक जिंकला. दुसऱ्या दिवशी नाक्यावर मी चार जणांना कर्णधार कोण, ते विचारले. चौघेही आयपीएलबद्दल बोलू लागले. बाजार कोणावर अन्याय करतो असे नाही. जे विकले जात नाही त्याच्याकडे तो फक्त पाहत नाही. पण न पाहणे हाही अन्यायच असतो.

आता घरातलीच एक गोष्ट सांगतो, नाव न घेता. माझ्या नात्यातला एक मुलगा धाटावच्या वसाहतीत कामाला आहे. २०२३ च्या विश्वचषकात एक सामना आम्ही बरोबर बसून पाहत होतो. समोरच्या संघाच्या फलंदाजाने आपल्या गोलंदाजाला षटकार मारला आणि हा आनंदाने ओरडला. मी चमकून पाहिले. त्याच्या मोबाइलमधल्या 'टीम'मध्ये तो फलंदाज होता. सामना संपला तेव्हा हा खाली मान घालून आकडे मोजत होता. मी विचारले, "किती धावांनी जिंकलो रे आपण?" त्याला सांगता आले नाही. पुढे कळले की दोन महिन्यांचा पगार असा गेला होता आणि आईची पाटलीही. अशा एका कंपनीचे नाव त्याच वर्षापासून भारतीय संघाच्या छातीवर होते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आणि ते नाव उतरले. कायदा आला, चांगले झाले. पण पाटली परत आली नाही. आणि सामना पाहताना आपण कोणाच्या बाजूचे, हे जे त्याला आपोआप कळायचे, तेही अजून पुरते परतलेले नाही.

माझा खरा सल हा आहे. १९८७ साली आम्ही हरलो, पण एकत्र हरलो. आता जो तो आपापल्या हातातल्या पडद्यावर एकेकटा जिंकतो किंवा बुडतो. दसऱ्याच्या सुमारास रोह्यात धावीर महाराजांची पालखी निघते. पोलीस सलामी देतात, पालखी गावभर फिरते आणि गरीब-श्रीमंत न पाहता दारापर्यंत येते. रस्त्यात दुकाने लागतात, फुगेवाले येतात, चार पैसे सगळेच मिळवतात. त्याला कोणाची हरकत नाही. पण पालखीने कोणत्या आळीतून जावे, हे फुगेवाला ठरवत नाही. आमच्या पोराला द्यायचे उत्तर मला पुलावर नव्हे, पण पुढच्या काही दिवसांत सापडले ते एवढेच.

रविवारी पुन्हा बैठक झाली. मी म्हटले, "बाबा, तू बरोबर बोललास. मी जागून बघतो आणि सोवळ्याच्या गोष्टी करतो. मला तो अधिकार नाही. पैसे घेऊ या. मॅटही आणू या. फलकावर त्यांचे नाव खुशाल लावा. पण स्पर्धेचे नाव, पुढच्या रांगा आणि मुलींचे सामने, या तीन गोष्टी विकायच्या नाहीत." थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग मागे बसलेली, बारावीत शिकणारी एक मुलगी म्हणाली, "आमचा सामना आधी लावा. उशीर झाला की घरून सोडत नाहीत."

जमीनविक्रेत्याने लाखाऐवजी पंचवीस हजार देऊ केले. उरलेल्यासाठी वही घेऊन दारोदार फिरणे चालू आहे. मोठा पडदा बहुधा येणार नाही. जगाचे विश्वचषक आणि ऑलिंपिक यांपुढे आमच्या वहीची किंमत काय, हे मलाही कळते. पुढचा विश्वचषकही मी बघणारच आहे, सवय जात नाही. पण काल संध्याकाळी वर्गणी मागून परत येताना तोच पोरगा माझ्या हातात पावतीपुस्तक देत म्हणाला, "सर, तुमची पावती राहिली." मी खिशात हात घातला. पुलाखाली कुंडलिका भरतीने फुगली होती आणि पलीकडच्या मैदानावर मुली अंधार पडेपर्यंत सराव करत होत्या.